गो-लाइव्हची तारीख कोण ठरवतं?

१९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीच्या गोदामांत माल भरलेला होता आणि दुकानदार मात्र मालाची वाट बघत होते. हॅलोविन तोंडावर आला होता. मुलांना वाटायच्या चॉकलेट-गोळ्यांचा अमेरिकेतला हा सर्वांत मोठा हंगाम. ऑर्डरी आल्या होत्या, चॉकलेटं तयार होती, पण कुठला माल कुठे ठेवलाय आणि कुणाला किती पाठवायचाय याचा मेळ नव्या संगणकप्रणालीत बसेना. सुमारे दहा कोटी डॉलर किमतीच्या ऑर्डरी कंपनीला पुऱ्या करता आल्या नाहीत. शेअरचा भाव आठ टक्क्यांनी घसरला.

ही प्रणाली बसवण्यावर सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्च झाला होता. काम ४८ महिन्यांचं, असा अंदाज सुरुवातीला होता. कंपनीला ते ३० महिन्यांत हवं होतं, कारण २००० साल उजाडताना जुने संगणक तारखांचा घोळ घालतील अशी धास्ती तेव्हा जगभर होती. त्यात एसएपी या जर्मन कंपनीचं मुख्य सॉफ्टवेअर आणि इतर दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर्स एकाच वेळी सुरू करायचा घाट घातला गेला. सुरू करायला महिना मिळाला जुलै. नेमक्या त्याच दिवसांत हॅलोविन आणि नाताळच्या ऑर्डरी यायला लागतात.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. याच हर्शीने २००२ पर्यंत त्याच एसएपीची नवी आवृत्ती वर्षभराच्या आत बसवली. खर्च अंदाजापेक्षा वीस टक्क्यांनी कमी झाला आणि एकही ऑर्डर अडली नाही. कंपनी तीच होती, सॉफ्टवेअरही त्याच घराण्यातलं. या वेळी चाचण्यांना पुरेसा वेळ दिला गेला होता.

टेक्नॉलॉजी कन्सल्टंटचा व्यवसाय या दोन टोकांमध्ये चालतो. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या इमारतींमध्ये हजारो लोक हे काम करतात. घरी मात्र ‘तो कंप्युटरमध्ये आहे’ एवढीच ओळख असते. काम असं असतं: एखादी कंपनी किंवा सरकारी खातं हिशेबाची, साठ्याची किंवा पगाराची नवी प्रणाली घेतं, आणि ती त्यांच्या रोजच्या कामाला चपखल बसवून देण्याची जबाबदारी कन्सल्टंटवर येते. प्रणाली प्रत्यक्ष वापरात येते त्या दिवसाला ‘गो-लाइव्ह’ म्हणतात. या दिवसाआधीचे सहा महिने आणि नंतरचे दोन महिने कन्सल्टंटच्या घरच्यांनाही पाठ असतात.

या कामात काही माणसं वीस-वीस वर्षं उमेदीने टिकतात आणि काही तिसऱ्या वर्षीच गळून जातात. असं का होतं याचं उत्तर बुद्धिमत्तेत किंवा सर्टिफिकेटांच्या संख्येत शोधण्याची सवय आहे. पण ते बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडतं: ज्याच्यासाठी प्रणाली बनते त्या माणसाशी कन्सल्टंटची गाठ पडते का, आणि दिसलेलं खरं त्याला वेळेत बोलता येतं का.

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं स्टोअर घ्या. रात्री दोन वाजता ट्रक गेटवर लागतो. ड्रायव्हर चलन पुढे करतो. बोल्ट किलोवर विकत घेतलेले आहेत, पण असेंब्ली लाइनला ते नगांवर द्यायचे असतात. स्टोअरकीपर मूठभर बोल्ट काट्यावर ठेवतो, मोजतो, आणि त्यावरून पोत्याचा हिशेब लावतो. प्रणालीला मात्र एक ठरलेला गुणक लागतो, एका किलोत किती नग. हा गुणक चुकला तर स्क्रीनवर दहा हजार बोल्ट दिसतात, रॅकवर सहा हजारच असतात आणि लाइन बंद पडते. कॉन्फरन्स रूममधल्या मीटिंगमध्ये ही गोष्ट कुणी सांगत नाही. खरेदी विभागाचे साहेब म्हणतात, “आपल्याकडे सगळं किलोतच असतं,” आणि त्यांच्यापुरतं ते खरंही असतं. एखादी रात्रपाळी स्टोअरमध्ये बसून “काका, हे तुम्ही मोजता कसे?” असं विचारणाऱ्या कन्सल्टंटलाच काटा दिसतो. मग काका आणखीही चार गोष्टी सांगतात. एका पुरवठादाराच्या बोल्टांना तेल जास्त असतं म्हणून वजन वर दाखवतं, हे कुठल्याही दस्तऐवजात लिहिलेलं नसतं.

एसएपीचा जन्मच मुळी असा झाला. आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत ही कंपनी काढली तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा संगणकही नव्हता. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आयसीआय या कंपनीचा ओस्ट्रिंगेनमधला नायलॉन धाग्याचा कारखाना. हे पाच जण तिथेच जात आणि कारखान्याच्याच संगणकावर काम करत. आज जगभरच्या कारखान्यांत चालणाऱ्या या सॉफ्टवेअरची पहिली अक्षरं गिऱ्हाइकाच्या आवारात, वापरणाऱ्यांच्या सहवासात लिहिली गेली.

वापरणाऱ्याची भेट होण्याने काम सुधारतं हे तर उघड आहे. पण काम करणाऱ्याचं मनही त्याने बदलतं, याचा एक लक्षात राहणारा पुरावा आहे. संशोधक अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे तरुण होते. दिवसभर नकार ऐकण्याचं हे काम. त्यांच्यातल्या काहींची त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटांची भेट घालून दिली. महिन्याभराने पाहिलं तर ते आठवड्याला १४२ टक्के जास्त वेळ फोनवर देत होते आणि १७१ टक्के जास्त देणगी आणत होते. त्यांचा पगार वाढवला नव्हता की त्यांना वेगळं प्रशिक्षण दिलं नव्हतं.

ऑफशोअर, म्हणजे क्लायंटच्या देशाबाहेर, बसलेल्या कन्सल्टंटच्या वाट्याला ही पाच मिनिटं क्वचित येतात. त्याच्यापुढे येतो तो तक्रारीच्या तिकिटाचा नंबर. तिकीट बंद झालं की दुसरं उघडतं. ओहायोतल्या कुठल्या गोदामातल्या कुणाचं काम त्यामुळे सुटलं हे त्याला कळतही नाही. जाणते मॅनेजर म्हणून गो-लाइव्हनंतरच्या आठवड्यांत, ज्याला या धंद्यात ‘हायपरकेअर’ म्हणतात, टीममधल्या नव्या मुलामुलींनाही वापरणाऱ्यांच्या कॉलवर बसवतात. त्यासाठी बिल लागत नाही आणि क्लायंटही आक्षेप घेत नाही.

आता दुसरी गोष्ट, खरं बोलण्याची. कॅनडा सरकारने २०१६ मध्ये फिनिक्स नावाची पगारप्रणाली सुरू केली. सुमारे २ लाख ९० हजार सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार त्यातून व्हायचे होते. काहींना कमी पगार मिळाला, काहींना जास्त, काहींना मिळालाच नाही. लोकांना घराचे हप्ते भरता येईनात. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८ मध्ये याचा कठोर अहवाल दिला. पैशांची मर्यादा आणि ठरलेली तारीख सांभाळण्यासाठी प्रणालीतल्या आवश्यक सोयी गाळल्या गेल्या होत्या. एका खात्यात आधी चालवून पाहण्याचा बेत रद्द झाला होता. प्रणाली तयार नाही याच्या खुणा होत्या, तरी ती सुरू करण्यात आली. तारीख पुढे ढकला, हे वेळेवर सांगणं आणि ऐकणं तिथे घडलं नाही.

अशा वेळी मधल्या फळीतल्या कन्सल्टंटची जी कोंडी होते ती बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. शुक्रवारच्या स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरायचे असतात. लाल भरला की एस्कलेशन, वरच्यांचे फोन आणि खुलासे. म्हणून काम पिवळं असतं तेव्हा हिरवं दाखवलं जातं, आणि लाल झालं की पिवळं. महिनोन्‌महिने हे करणाऱ्याला रात्री झोप लागत नाही, कारण खरी परिस्थिती त्याला एकट्यालाच ठाऊक असते. कामाच्या तासांइतकाच हा एकटेपणाही माणसाला झिजवतो. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९८५ मध्ये सल्लागारीच्या व्यवसायावर एक पुस्तक लिहिलं. वाइनबर्ग स्वतः आयबीएममध्ये प्रोग्रामिंग करून आलेले होते, पण संगणकाच्या अडचणीमागे शेवटी माणसांची अडचण असते यावर त्यांचा सगळा भर आहे. चाळीस वर्षांत यंत्रं पार बदलली, तरी त्यांचं हे म्हणणं जुनं झालेलं नाही.

खरं बोलणं सोपं करता येतं याचं उदाहरणही आहे. अमेरिकी सरकारचं आरोग्यविम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं आणि पहिल्या दिवशी देशभरातून अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. मग सावरण्यासाठी जी माणसं बोलावली त्यांत गूगलमधले मायकी डिकरसन होते. त्यांनी रोज दोनदा सगळ्यांची बैठक सुरू केली आणि भिंतीवर नियम लावले. बैठक अडचणी सोडवण्यासाठी आहे, दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी नाही. ज्याला त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती आहे त्याने बोलायचं, मग हुद्दा काही का असेना. आणि जे काम आत्ता पेटलंय त्याबद्दलच बोलायचं. तोवर वेगवेगळ्या कंत्राटदारांची माणसं एकमेकांकडे बोट दाखवत होती. डिसेंबर उजाडेपर्यंत बहुतेकांना संकेतस्थळ वापरता येऊ लागलं. दुसरा नियम आपल्याकडे खास लागू आहे. मॅनेजरसाहेब कॉलवर असले की ज्युनिअर मुलगी म्यूट काढायला धजत नाही, आणि नेमकं तिलाच माहीत असतं की डेटा कुठे अडकलाय.

मग येतो वेळेचा प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहा वाजता ठेवलेला कॉल पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला पडतो आणि हिवाळ्यात तिथली घड्याळं मागे गेली की साडेआठला. म्हणजे रोजचं रात्रीचं जेवण कॉलच्या आधी उरकायचं किंवा थंड खायचं. मुलांचा गृहपाठ हमखास कॉलच्याच वेळेत येतो.

यावर हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये केलेलं काम फार मोलाचं आहे. त्यांनी आधी हजार व्यावसायिकांची पाहणी केली होती. त्यातले ९४ टक्के आठवड्याला ५० किंवा अधिक तास काम करत होते, आणि जवळपास निम्मे ६५ तासांच्या वर. प्रयोगात एका टीमने साधा करार केला: प्रत्येकाला आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ मोकळी. सहानंतर ना काम, ना ईमेल, आणि ही सुट्टी घेतलीच पाहिजे. सुरुवातीला विरोध कन्सल्टंटांकडूनच झाला. आपण कमी पडतोय असं वरिष्ठांना वाटेल ही भीती होती. पण एकाची संध्याकाळ मोकळी ठेवायची तर त्याचं काम दुसऱ्याला ठाऊक असावं लागतं, म्हणून टीम दर आठवड्याला बसून बोलू लागली. कुणाला काय जड जातंय, कुठलं काम उगाच चाललंय, हे उघड होऊ लागलं. काही महिन्यांनी या टीममधली माणसं कामावर जास्त समाधानी होती, याच कंपनीत पुढेही राहू असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं, आणि क्लायंटला मिळणारं कामही सुधारलं होतं. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि नंतर कंपनीने ते इतर अनेक टीमांमध्ये नेलं. मोकळ्या संध्याकाळपेक्षाही तिच्या निमित्ताने सुरू झालेलं बोलणं मोठं ठरलं, असं पर्लो यांचं लिखाण वाचताना जाणवतं.

या धंद्यात मोजले जातात ते तास. टाइमशीटमध्ये आठ तास भरले की दिवस संपला. पण दिवस चांगला गेला की नाही हे तासांवर ठरत नाही. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या जवळपास १२,००० दैनंदिन नोंदी तपासल्या. ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात थोडी का होईना प्रगती झाली, तोच दिवस लोकांना चांगला वाटला होता. कन्सल्टंटचं काम वर्ष-दीड वर्ष चालतं आणि टाइमशीटला ही प्रगती दिसत नाही. त्यामुळे मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडून ते वापरणाऱ्यांपुढे दाखवणाऱ्या टीमा जास्त आनंदी असतात, यात नवल नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘बेंच’ आहे. प्रोजेक्ट नाही, बिल होत नाही, अशा रिकाम्या दिवसांना हा शब्द आहे. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला: वर्षात किमान २२५ दिवस बिल झालेले हवेत, बेंच ३५ दिवसांहून जास्त नको. धंद्याचं गणित समजण्यासारखं आहे. पण बेंचच्या भीतीने माणूस मिळेल तो प्रोजेक्ट घेतो, आपलं कसब एकीकडे आणि काम दुसरीकडे अशी अवस्था होते, आणि मग तो कुठल्याच विषयात मुरत नाही. कन्सल्टंटचं मोल मुरण्यात असतं, आणि त्याला वर्षं लागतात.

पुण्यातल्या एसएपीच्या क्षेत्रात मुरायचं कसं याचं एक जुनं उत्तर आहे. इथले कितीतरी फंक्शनल कन्सल्टंट आधी पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत प्रॉडक्शन, परचेस किंवा अकाउंट्समध्ये काम करून मग या व्यवसायात आले. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, चुकली की पुरवठादाराचं बिल कसं अडकतं हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. कॉलेजातून थेट आलेल्या मुलामुलींना हा अनुभव मिळवून द्यायचा तर कंपन्यांना त्यांना बेंचवरचे काही दिवस एखाद्या क्लायंटच्या गोदामात, बँकेच्या शाखेत किंवा रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर पाठवता येईल. नोकरी शोधणाऱ्यानेही मुलाखतीत पगाराइतकंच हे विचारायला हवं: वापरणाऱ्यांशी माझं बोलणं होणार का, मागच्या प्रोजेक्टची गो-लाइव्हची तारीख कुणी ठरवली होती, आणि ती जमणार नाही असं कुणी म्हणालं होतं का, आणि म्हणालं असेल तर तो माणूस आज कुठे आहे.