नजरेच्या कुत्र्याला हाकेची सवय

कारवान जातीच्या कुत्र्याला आज्ञापालन शिकवताना पहिली अडचण त्याच्या बुद्धीची नसते, डोळ्यांची असते. कारण दख्खनमधील ही सडपातळ, लांब पायांची जात वासाचा माग काढणारी नसून नजरेने सावज हेरून त्याला धावत गाठणारी आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली, तेव्हापासून तिला ‘मुधोळ हाऊंड’ हे नाव मिळाल्याचे सांगितले जाते, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने देशी श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांत तिचाही समावेश आहे.

खानदेशातील दोंडाईच्यात असा कुत्रा पाळणाऱ्याच्या दृष्टीने हा इतिहास दुय्यम ठरतो, कारण गावाला लागूनच मोकळे शिवार आहे आणि बांधाआडून ससा उठला की कारवानचे कान जणू बंद होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा ठरवला असल्याने ‘ये’ ही हाक या कुत्र्यासाठी ‘बस’पेक्षा कितीतरी मोलाची आहे. ती प्रथम घरात, मग अंगणात आणि नंतर लांब दोरी बांधून शेतात शिकवावी. प्रत्येक वेळी हाकेला आलेल्या कुत्र्याला लगेच खाऊचा तुकडा द्यावा आणि पुन्हा मोकळे सोडावे, म्हणजे हाक आली की मजा संपली, असे समीकरण त्याच्या मनात बसत नाही. इष्ट वर्तनानंतर सुखद फळ देऊन ते वर्तन वाढवणे याला मानसशास्त्रात ‘प्रबलन’ म्हणतात. उशिरा आलेल्या कुत्र्याला चापट मारणे ही याउलट सर्वांत महाग चूक आहे, कारण त्याच्या लेखी ती शिक्षा पळण्याची नसून परत येण्याची असते.

शब्दांची निवडही विचारपूर्वक करावी लागते. मराठीत कुत्र्याला बोलावण्यासाठी ‘यू यू’, अंगावर सोडण्यासाठी ‘छू’ आणि हाकलण्यासाठी ‘हाड’ असा तयार शब्दसंग्रह आहे. पण ‘हाड’ गल्लीत दिवसभर कानावर पडत असल्याने आज्ञा म्हणून तो निरुपयोगी ठरतो, आणि घरातील एकाने ‘ये’, दुसऱ्याने ‘इकडे’ म्हटले तर गोंधळ कुत्र्याचा नव्हे, कुटुंबाचा असतो.

म्हणूनच प्रशिक्षक निवडताना तो कुत्र्याला काय शिकवतो याइतकेच मालकाला काय शिकवतो हे पाहावे. श्वानप्रजनन व विक्रीसाठी २०१७ ची केंद्रीय नियमावली आहे, परंतु ती प्रशिक्षकासाठी लिहिलेली नाही, त्यामुळे पारख मालकालाच करावी लागते. महिनाभर कुत्रा ठेवून घेऊन ‘तयार’ करून देण्याची हमी देणाऱ्यापेक्षा, मालकाला शेजारी उभे करून दोरी त्याच्या हाती देणारा बरा. कुत्रा चुकला तर नेमके काय करता, या प्रश्नाला जो स्पष्ट उत्तर देत नाही, किंवा ‘आपण टोळीप्रमुख आहोत हे दाखवावे लागते’ असे सांगतो, त्याच्यापासून दूर राहणे शहाणपणाचे. कारण बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आलेली ही कल्पना ज्यांच्या पुस्तकाने लोकप्रिय झाली, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ च्या लेखात ती मुक्त लांडग्यांना लागू पडत नसल्याचे दाखवले. पोर्तुगालमधील २०२० च्या एका अभ्यासात सात प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्रे पाहिले असता, झटके व धाक वापरणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली.

काही बाबी मात्र केवळ शरीररचनेच्या आहेत. कारवानचे डोके मानेइतकेच अरुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून ओढताच आवळला जाणारा, पण गळा न दाबणारा रुंद पट्टा वापरावा. त्याच्या अंगावर मांस-चरबी कमी असल्याने कडक फरशीवर ‘बस’ म्हणण्याऐवजी गोणपाट अंथरावे किंवा सुरुवातीला उभ्यानेच ‘थांब’ शिकवावे. खानदेशातील उन्हाळ्यात शिकवणी सूर्य वर येण्यापूर्वी, पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत उरकावी, आणि दोंडाईच्यातील मिरची वाळत घातलेल्या खळ्यांपासून ती दूरच घ्यावी, कारण नाका-डोळ्यांची आग होत असताना कोणताही कुत्रा शिकत नाही.