लडाखची बाईक आणि केजची ट्रॉली: लांब पल्ल्याची गाडी कशी निवडायची?

तुमच्याकडून पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न आज घेऊ. "दादा, लेह-लडाखला जायचंय, गाडी कोणती घेऊ?" सांगतो. पण आधी एक सांगा, आपल्या केज तालुक्यातून दरवर्षी सगळ्यात मोठी मोहीम कोण काढतं? बुलेटवाले नाही. दसरा-दिवाळी झाली की निघणारे ऊसतोड कामगार! कळंब, बार्शी, पंढरपूर करत सांगली-कोल्हापूर, काहीजण तर थेट कर्नाटकात. तीनशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता आणि सोबत पाच-सहा महिन्यांचा संसार. म्हणून आज दोन्ही गाड्या एकाच मापानं मोजू. प्रश्न तीनच.

पहिला प्रश्न: वजन किती आणि कुठं?

बाईकवर दोघं, तंबू आणि पेट्रोलचा कॅन लादला की मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल डुगडुगतं. म्हणून जड सामान खाली आणि मधोमध. ट्रॉलीत काय होतं? खाली धान्याची पोती, भांडी, आणि त्यावर माणसं. ओझं जेवढं उंच, तेवढी ट्रॉली वळणावर लवकर कलंडते. आणि सगळ्यात वर बसलेली असतात लेकरं.

दुसरा प्रश्न: रस्ता कसला आहे?

खारदुंग ला 5,359 मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. ऑक्सिजन कमी, म्हणून इंजिनाची ताकदही कमी. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी तिथं काळा धूर सोडते. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी हवेच्या हिशोबानं पेट्रोल सोडते, त्यामुळं निभावते. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपाची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. म्हणजे नुसते सीसी बघू नका, टाकी गुणिले मायलेज करा.

आपल्या रस्त्याला पंप भरपूर, पण धोका अंधाराचा. भरलेला ट्रॅक्टर ताशी 20-25 नं चालतो. तीनशे किलोमीटरला बारा ते पंधरा तास, म्हणजे बरीचशी वाट रात्रीची. ट्रॅक्टर 20 नं आणि मागून ट्रक 80 नं येत असेल, तर मधलं 100 मीटर अंतर सहा सेकंदांत संपतं. ट्रॉलीला टेललाइट नसेल, तर ट्रकवाल्याला दिसेपर्यंत खेळ खल्लास.

तिसरा प्रश्न: थांबणार कशी?

बाईकला एबीएस आहे का बघतो ना आपण? ब्रेक ट्रॅक्टरला असतात, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे नसतात. उतारावर मागच्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात. म्हणून उतारावर न्यूट्रल कधीच नको, गाडी गिअरमध्येच उतरवायची.

मग निवड काय?

लडाखला: फ्युएल इंजेक्शन, एबीएस, वजनाला झेपणारी आणि वाटेत दुरुस्त होणारी गाडी. नवी महागडी बाईक घेऊन तिचा पार्ट मिळेना, त्यापेक्षा गावोगावच्या मिस्त्रीला कळणारी साधी गाडी बरी.

टोळीला: सामान वेगळं, माणसं वेगळी. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात तिथंच घोडं अडतं. सामान ट्रॉलीत जाऊ द्या, बाया-लेकरं एसटीनं. मार्च 2023 पासून राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. हे भाडं कुणी द्यायचं? मुकादमाकडून उचल घेताना कोयत्यामागं रक्कम ठरते, तेव्हाच तेही बोलून घ्या. एकदा गाडी भरली की बोलायला जागा राहत नाही.

आणि ट्रॉलीशिवाय इलाजच नसेल, तर निघण्याआधी चार गोष्टी बघा: मागं रेडियम, चालू टेललाइट, हुकाच्या पिनेला लॉक, वरून साखळी. रात्री मुक्काम, दिवसा प्रवास.

लडाखचा प्लॅन करणाऱ्या मित्राला हा भाग पाठवाच. पण त्याआधी, तुमच्या गल्लीतून यंदा जो कोयता निघणार आहे, त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!