एकट्याचा सर्व्हर, जगाशी संवाद

मॅस्टोडॉन हे जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी 2016मध्ये खुलं केलेलं सोशल मीडियाचं सॉफ्टवेअर. ते कुणीही फुकट घेऊन आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं, अगदी एकट्यासाठीसुद्धा. मग एकट्याने बोलायचं कुणाशी? उत्तर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमावलीत आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने ती 2018मध्ये मान्य केली. एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर पत्र जातं, तसंच इथे. तुमची पोस्ट तुमचा सर्व्हर प्रत्येक फॉलोअरच्या सर्व्हरकडे स्वतः पोचवतो. सोबत डिजिटल सही असते. ती पडताळूनच पलीकडचा सर्व्हर पोस्ट स्वीकारतो.

खरा भार मात्र उलट दिशेने येतो. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचे फोटो, व्हिडिओ तुमच्या डिस्कवर साठत जातात. ही साठवण ठरावीक दिवसांनी पुसण्याची सोय सुरुवातीलाच लावा. डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा. आणि डोमेनचं नाव विचारपूर्वक निवडा. ते तुमच्या पत्त्याचाच भाग असतं, नंतर सहजी बदलता येत नाही. एकट्यासाठी मला तर मॅस्टोडॉनऐवजी ‘गो-टू-सोशल’ हे हलकं सॉफ्टवेअरच अधिक योग्य वाटतं.

एक गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. पोस्ट पुसली की तुमचा सर्व्हर इतरांना ‘ही काढा’ एवढाच निरोप धाडतो. तो पाळायचा की नाही, हे त्यांच्या हाती. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेशही दोन्हीकडच्या सर्व्हरचालकांना वाचता येऊ शकतात. गुपितं तिथे लिहूच नका.