गच्चीवरची छत्री आणि हरवलेल्या वाहिन्या

दिल्लीतील पीतमपुरा येथे १९८८ साली उभारलेला दूरदर्शनचा मनोरा २३५ मीटर उंच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरींना सुमारे ६३ किलोमीटरांवर क्षितिज आडवे येते. लहरी ग्रहण करणारा आकाशक दहा मीटर उंचीवर बांधला, तर ही मर्यादा ७६ किलोमीटरांच्या आसपास जाते. पानिपत शहर या मनोऱ्यापासून सरळ रेषेत जवळजवळ तितकेच दूर, म्हणजे नेमके क्षितिजाच्या काठावर वसलेले आहे. म्हणूनच तेथे जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीचे चित्र कधी स्पष्ट, तर कधी मुंग्यांनी भरलेले दिसत असे.

त्या जुन्या चित्रात एक सोय मात्र होती. संदेश क्षीण झाला की चित्र हळूहळू बिघडत जाई. आकाशक इकडेतिकडे फिरवावा आणि खाली बसलेल्याने ‘आता बरे आहे’ असे ओरडून सांगावे, एवढ्यावर काम भागे. अंकीय प्रक्षेपणात असे होत नाही. त्यात चित्राचे रूपांतर एक आणि शून्य या चिन्हांच्या प्रवाहात केलेले असते व त्यासोबत चुका दुरुस्त करणारी जादा चिन्हेही पाठविली जातात. चुका एका मर्यादेपर्यंत असतील तोवर यंत्र त्या सुधारून घेते आणि चित्र निर्दोष दिसते. मर्यादा ओलांडली, की आधी चौकोनी तुकडे आणि मग काळा पडदा. कड्याच्या टोकापर्यंत चालत जाणाऱ्याला पुढचे पाऊल दरीत पडेल याची जशी कल्पना नसावी, तसाच हा प्रकार आहे. आज स्पष्ट चित्र दाखविणारी यंत्रणा प्रत्यक्षात त्या टोकावरच उभी असू शकते.

दूरदर्शनची जुनी भूप्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद होत गेली व २०२२ पर्यंत त्यांपैकी बहुतेक शांत झाली. मासिक वर्गणी न देता दूरचित्रवाणी पाहू इच्छिणाऱ्या घरांना आता मुख्य आधार आहे तो ‘डीडी फ्री डिश’ या सेवेचा. ती डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला व ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर स्थिर भासतो. पानिपतच्या मागावर काम करणाऱ्याच्या खोलीतही ही छत्री असू शकते. तीतून बातम्या येतात, तशाच ‘पीएम ई-विद्या’च्या इयत्तावार शैक्षणिक वाहिन्याही येतात. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्या घरी इंटरनेट नव्हते तेथे मुलाचा वर्ग याच तबकडीतून उतरत होता. दूर उत्तरेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ‘सह्याद्री’ वाहिनीही याच मार्गाने मिळते. अशा घरी पडदा काळा होणे ही केवळ करमणुकीची हानी नव्हे.

या सेवेतील वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होत असल्यामुळे त्यांची यादी अधूनमधून बदलते. मग ग्राहकाला आपल्या सेट-टॉप बॉक्सची नव्याने जुळणी करावी लागते, म्हणजे सर्व वाहिन्या पुन्हा शोधाव्या लागतात. बहुतेक तक्रारींचा जन्म इथेच होतो. ‘काल सर्व काही दिसत होते, सर्च मारला आणि सगळेच गेले’ हे वाक्य दुरुस्ती करणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. कारण साधे आहे. अनेक यंत्रे शोधाला आरंभ करण्यापूर्वी जुनी यादी पुसून टाकतात, आणि त्या क्षणी संदेश दुबळा असेल तर नवी यादी रिकामीच राहते. यासाठी पाऊस कोसळत असताना किंवा चित्र फुटत असताना नवी जुळणी कदापि करू नये. या सेवेच्या लहरींची लांबी सुमारे पावणेतीन सेंटिमीटर असते व पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात आणि विखुरतात. उलट, हिवाळ्यात पानिपतला वेढणाऱ्या दाट धुक्यावर ठेवला जाणारा आरोप बहुतांशी खोटा आहे. धुक्याचे कण इतके सूक्ष्म असतात की या लहरी त्यांतून जवळजवळ विनाअडथळा पार होतात.

दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी आधी काय हरवले ते पाहावे. एकच वाहिनी गेली असेल, तर बहुधा तिने ही सेवा सोडलेली असते व घरी काही करण्यासारखे नसते. उपग्रहावरील एकेक प्रेषक अनेक वाहिन्या एकत्र गुंफून पाठवितो. तेव्हा दहा-वीस वाहिन्यांचा गट एकदम नाहीसा झाला, तर त्या प्रेषकाची वारंवारता यादीत नाही किंवा त्याचा संदेश काठावर आहे, असे समजावे. काही वाहिन्या नव्या संपीडन-पद्धतीने येतात. जुना बॉक्स त्या उलगडू शकत नाही, मग छत्री कितीही फिरवा. सर्वच वाहिन्या गेल्या असतील, तर मात्र दोष बॉक्सच्या मांडणीत, केबलमध्ये किंवा छत्रीत असतो.

मांडणी प्रथम तपासावी, कारण त्यासाठी गच्चीवर चढावे लागत नाही. यंत्र मूळ स्थितीवर आणले की उपग्रहाचे नाव व ग्राहक-शीर्षाची, म्हणजे एलएनबीची, वारंवारता कधीकधी बदलून जाते. प्रचलित एलएनबीसाठी ९७५० व १०६०० मेगाहर्ट्झ हे आकडे हवेत, आणि एलएनबीचा वीजपुरवठा चालू असला पाहिजे. ही वीज त्याच केबलमधून वर जाते. केबलच्या टोकाशी जाळीची एखादी तार मधल्या तारेला चिकटली, तर तो पुरवठाच खंडित होतो. जोडणी हाताळण्यापूर्वी बॉक्सची वीज बंद करावी. केबलच्या सांध्यात पाणी शिरून हिरवट गंज चढलेला आढळला, तर तेवढा भाग कापून जोडणी नव्याने करणे इष्ट.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. तीव्रतेची पट्टी एलएनबी जिवंत असल्याची खूण आहे, मग छत्री कोणत्याही दिशेला असो. गुणवत्तेची पट्टी मात्र योग्य उपग्रह सापडला तरच वर चढते. पहिली भरलेली व दुसरी शून्य असेल, तर छत्री हललेली आहे, असा निष्कर्ष काढावा. मे-जूनमधील धुळीची वादळे ते काम सहज करतात. साठ सेंटिमीटर व्यासाची छत्री दीड अंशाने ढळली, की मिळणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. काठावर मोजले तर हे सरकणे जेमतेम पाऊण सेंटिमीटर भरते. त्यातच ९५ अंशांवर, म्हणजे तेवढ्याच अंतरावर, अन्य सेवेचे उपग्रह आहेत. त्यामुळे पट्टी वर चढूनही वाहिन्या भलत्याच निघाल्या, असे घडू शकते.

पानिपतहून जीसॅट-१५ दक्षिणेकडून पूर्वेस सुमारे ३१ अंश वळल्यावर, क्षितिजापासून ५१ अंश उंचीवर सापडतो. मुंबईत तोच उपग्रह अधिक पूर्वेला व अधिक उंच, ५७-५८ अंशांवर असतो. म्हणून मुंबईच्या छत्रीचा कल पाहून पानिपतची छत्री बसवू नये. नेहमीच्या छत्रीत एलएनबी मध्यभागी नसून खाली असते. त्यामुळे तबकडी प्रत्यक्षात जेथे पाहते त्याहून सुमारे २५ अंश खाली पाहत असल्याचा भास होतो आणि नवखा माणूस तिला उगाच वर वळवितो. दिशा जुळविताना केसभर फिरवून चार-पाच सेकंद थांबावे. अंकीय यंत्राला संदेश ओळखण्यास तेवढा वेळ लागतो. घाईने फिरविणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो व त्याला पत्ताही लागत नाही. गच्चीवरून किंवा जवळून विजेच्या तारा जात असतील, तर मात्र हे काम जाणकारावरच सोपवावे.

वाटेत झाड आले आहे काय, हे सूर्यच सांगतो. मार्चच्या व ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास पानिपतहून पाहता सूर्य जवळजवळ उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर फांद्यांची सावली पडली, तर अडथळा तीच फांदी होय. याच दिवसांत सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ-लहरींमुळे काही मिनिटे चित्र जाण्याचा संभव असतो. तेव्हा कशालाही हात न लावता स्वस्थ बसावे, ते आपोआप परत येते.