चिलटाच्या मेंदूतली वासाची वाट

चैत्र-वैशाखात पेडणे-डिचोलीच्या काजूबागांत बोंडूंचा रस आंबू लागला की चिलटांचे थवे उठतात. वास्कोच्या बाजारात पिकल्या केळ्यांवरही तीच. ती वासावर येतात हे कुणीही सांगेल. तो वास त्यांच्या मेंदूत ठरल्या जागी कसा पोहोचतो, हे शोधण्यात वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी आयुष्य घातले. गोव्यात हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

आईवडील मूळचे गोव्याचे, जन्म 1953 साली केनियात. कंपालाचे मकेरेरे विद्यापीठ, मग डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज. 1976मध्ये पदवी घेऊन त्या मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जनुकशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींकडे आल्या. रीत साधी, पण चिकाटीची: चिलटाचे एखादे जनुक बिघडवायचे आणि त्याच्या वागण्यात काय बिघडते ते पाहायचे. दोन फाटे फुटलेल्या नळीत चिलटे सोडायची. एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा. ज्यांना फरकच कळत नाही, ती वेगळी काढायची. वास आणि चव न कळणाऱ्या अशा चिलटांवरचा दोघांचा शोधनिबंध 1978मध्ये आला.

पुढे जर्मनीत ट्युबिंगेनला त्यांनी किरणोत्सारी साखर वापरून मेंदूतले गंधकेंद्र तपासले. या केंद्रात चेतातंतूंचे सुमारे पन्नास गोल गुच्छ असतात. वेगळ्या वासाला वेगळे गुच्छ जागे होतात, असे त्यांना दिसले. वास ओळखणारी जनुके त्या वेळी सापडलीही नव्हती! ती लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991मध्ये उंदरांत शोधली. चिलटातली 1999मध्ये हाती आली.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते 2002चे काम. धनीषा झवेरींसोबत त्यांनी दाखवले, की ‘अटोनल’ या जनुकामुळे घडणाऱ्या चेतापेशी गंधकेंद्रात आधी पोहोचतात आणि गुच्छांची मांडणी त्यांच्यावर अवलंबून असते. त्या घडल्याच नाहीत, तर मागून येणाऱ्यांची जोडणी विस्कटते. म्हणजे जनुक केवळ एकेका जोडणीचा पत्ता लिहून देत नाही. कोण आधी जाणार, हे ठरवूनही बरेच काही घडवते.

2010 साली, अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्या गेल्या. 2024मध्ये चिलटाच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे 1 लाख 39 हजार चेतापेशी, 5 कोटींच्या आसपास जोडण्या. त्यात पूर्ण वाढलेला मेंदू आहे. आधी कोणता तंतू आला, हे मात्र कोषातल्या चिलटाचा घडता मेंदू पाहूनच कळते.