खाणीच्या पोटातलं बोरूचं बन

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरला ग्रेट ऊझ नदीच्या काठी नीडिंगवर्थ नावाचं गाव आहे. त्याच्या शिवारात १९९०च्या दशकापासून वाळू आणि गोट्यांची खाण चालू आहे. आराखडा असा: सुमारे तीस वर्षांत २ कोटी ८० लाख टन माल काढायचा आणि मागे ७०० हेक्टरांचं अभयारण्य ठेवायचं. त्यातले ४६० हेक्टर नुसतं बोरूचं बन, ब्रिटनमधलं सर्वांत मोठं. हॅन्सन ही खाण कंपनी आणि आरएसपीबी ही पक्षीसंरक्षण संस्था यांनी मिळून हे हाती घेतलं. पक्ष्यांचा विचार खड्डा पडून गेल्यावर नव्हे, तर खोदाई आखतानाच झाला, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मुळात हा सगळा दलदलीचा मुलूख. सतराव्या शतकात इथून जवळच, एरिथपासून, सरळसोट कालवा खणला गेला आणि पाणी उपसून दलदलीची शेतं झाली. त्यामुळे खाणीनं इथे रान मोडलं नाही, शेतजमीन घेतली. गोटे निघाले की जमीन खाली जाते. पुन्हा शेत करायचं तर बाहेरून प्रचंड भराव आणावा लागेल. पाणी मात्र आपसूक येतं.

पण पाणी आलं म्हणजे पाणथळ झाली असं नाही. नुसता सोडून दिलेला खड्डा खोल आणि उभ्या काठांचा असतो. तिथे बोरू कडेला जेमतेम पट्टा धरतो, कारण खोल पाण्यात तो रुजत नाही. म्हणून इथे एका तुकड्यातला माल संपला की त्याच्या तळाला माती-चिकणमाती अंथरून उथळ वाफे करतात, मध्ये बांध घालतात, पाण्याची पातळी दारं लावून राखतात आणि बोरूची रोपं हातानं लावतात. कोवळ्या रोपांवर हंस-बदकं तुटून पडतात, त्यांच्यापासून ती जपावी लागतात. मधून खोल चर ठेवतात, माशांसाठी.

एवढा खटाटोप मुख्यतः बिटर्नसाठी. बगळ्याच्या कुळातला हा तपकिरी, रेघारेघांचा पक्षी चोच आभाळाकडे करून उभा राहिला की बोरूत विरघळून जातो. तो मोजतात आवाजावरून, कारण विणीच्या काळात नराचा खर्जातला हुंकार कोसभर पलीकडेही ऐकू येतो. १९९७ साली साऱ्या ब्रिटनमध्ये असे हुंकारणारे नर उरले होते अवघे ११. जुनी बनं सुकत चालली होती. उरलेली चांगली बनं बरीचशी समुद्राला लागून, खारं पाणी घुसलं की संपणारी. किनाऱ्यापासून आत गोड्या पाण्याची मोठी बनं हवी होती, आणि एवढी सलग जागा खाणीनंच दिली. बिटर्न इथे आला, वीणही झाली. देशभरातल्या नरांची संख्या आता दोनशेच्या वर आहे; त्यात अशा नव्या बनांचा वाटा मोठा आहे.

चालू खाणीतही जीव असतो. वाळूचा ताजा उभा कडा दिसला की सँड मार्टिन पाकोळ्या वसाहत करतात. चिमुकल्या नख्यांनी हातभर लांब बोगदा कोरून टोकाला अंडी घालतात. वापरातलं घरटं मोडणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून पिल्लं उडेपर्यंत यंत्र त्या कड्याला लागत नाही. जाणता खाणवाला आधीच एक कडा त्यांच्यासाठी सोडतो आणि दुसरीकडचे कडे उतरते करून ठेवतो, म्हणजे तिथे त्या वसाहत करत नाहीत.

छोटा कंठेरी चिखल्या तर उघड्या गोट्यांचाच पक्षी. आपल्याकडे तो नद्या-तलावांच्या काठी दिसतो. ब्रिटनमध्ये त्याची पहिली वीण १९३८ साली नोंदली गेली, आणि पुढे तो देशभर पसरला तो मुख्यतः गोट्यांच्या खाणींच्या आधारानं. त्याची अंडी गोट्यांतच, गोट्यांसारखी.

इथे एक खरा पेच आहे. बोरू जसजसा दाटतो तसतशी चिखल्याची जागा जाते. खोदाई पुढे सरकते आहे तोवर त्याला दरवर्षी नवं उघडं रान मिळतं. ती थांबली की काही बेटं, काही काठ कुणीतरी मुद्दाम खरवडून उघडे ठेवायला हवेत. दर हिवाळ्यात, यंत्र लावून.