एक वाट बंद, तरी काम चालू : साठवण यंत्रणेतील न दिसणारा बिघाड

खरीप हंगाम तोंडावर आला की जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांना पीककर्जासाठी सातबारा उताऱ्याची निकड भासू लागते. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा देण्याची सोय राज्यात १ मे २०१८ रोजी सुरू झाली. तेव्हापासून गावपातळीवरील ही सेवा दूरच्या केंद्रातील संगणकांवर विसंबून आहे. असा सर्व्हर थांबला, तर अंबड किंवा मंठ्याच्या शेतकऱ्याची फेरी वाया जाते.

मोठ्या केंद्रांत माहिती सर्व्हरमध्ये नव्हे, तर स्वतंत्र साठवण यंत्रणेत ठेवली जाते. एकाच गोदामाकडे जाणारे दोन रस्ते असावेत, त्याप्रमाणे सर्व्हरपासून या यंत्रणेपर्यंत किमान दोन मार्ग जोडतात. लिनक्स प्रणालीतील ‘मल्टिपाथ’ ही व्यवस्था या मार्गांनी दिसणारी डिस्क एकच आहे, हे ओळखते आणि एक मार्ग तुटल्यास काम दुसऱ्यावर वळविते.

धोका नेमका येथेच आहे. पहिला मार्ग तुटला तरी सेवा चालू राहते. त्यामुळे तक्रार कोणीच करीत नाही. दुसरा मार्ग तुटतो, तेव्हा मात्र सारे काम ठप्प होते.

बिघाड शोधताना प्रथम ‘मल्टिपाथ -एलएल’ ही आज्ञा देऊन प्रत्येक मार्गाची स्थिती पाहावी. ‘ॲक्टिव्ह रेडी’ म्हणजे मार्ग सुरळीत. ‘फेल्ड फॉल्टी’ म्हणजे बंद. नंतर बंद मार्गांत समान दुवा कोणता, हे शोधावे. एकाच जोडकार्डावरील सर्व मार्ग बंद असल्यास ते कार्ड, त्याची केबल किंवा स्विचमधील जागा तपासावी. अनेक सर्व्हरांचे मार्ग एकाच वेळी तुटले असल्यास दोष बहुधा स्विचमध्ये किंवा साठवण यंत्रणेच्या नियंत्रकात असतो. प्रणालीच्या नोंदवहीतील वेळ त्या दिवशीच्या दुरुस्तीच्या वेळेशी ताडून पाहिल्यास कारण लवकर हाती लागते.

कोणतीही केबल काढण्यापूर्वी उरलेला मार्ग सुस्थितीत असल्याची खात्री करून घ्यावी. घाईत चालू मार्गाचीच केबल निघाली, तर लहान दोषाचे संकट होते. यासाठी केबलींवर ठळक खुणा असाव्यात. सर्व मार्ग तुटल्यास, ‘नो पाथ रिट्राय’ या तरतुदीत ठरविल्याप्रमाणे प्रणाली वाट पाहते किंवा चूक कळविते. ती वाट पाहत असताना सर्व्हर गोठल्यासारखा भासतो. अशा वेळी तो घाईने बंद करू नये. अपुऱ्या राहिलेल्या नोंदी गमावण्याचा संभव असतो. आधी मार्ग पूर्ववत करण्याचा प्रयत्न करावा.

दुरुस्तीइतकीच नियमित पाहणी महत्त्वाची आहे. मार्ग तुटताच सूचना मिळण्याची सोय करावी आणि ठरलेल्या दिवशी, पूर्वसूचना देऊन, एकेक मार्ग मुद्दाम बंद करून पाहावा. पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याची दारे तपासणाऱ्या गावाला हे वेगळे सांगावयास नको. सेवा चालू आहे एवढ्यावर समाधान न मानता, ती किती मार्गांवर चालू आहे, हे विचारण्याची सवय प्रत्येक कार्यालयाने लावून घ्यावी.